आवतणाचं कलम

उकंडा,

तुझं तेरावं परवा झालं. आपल्या बाजूच्या सगळ्या गावांचे पाटील आले होते. पलीकडून बोरखेडीचे लोकही नाला ओलांडून आले. आणि तुला हसू आलं असतं अशी गोष्ट लगेच झाली. पंगत मांडली तसे निमखेडचे तुळशीराम पाटील उभेच राहिले. पहिल्या पाटावर कोण बसणार हे ठरल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरणार नव्हता. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सवय, दुसरं काय. दीड वर्ष झालं, सहा गावांच्या कराराचा कागद माझ्या शाळेच्या पेटीत आहे, तेव्हापासून कुठंही काही अडलं की लोक मास्तरकडे पाहतात. मी म्हटलं, "नाल्याच्या पाण्यानं बसा." ते बसले. युक्ती तुझीच होती, फक्त सांगायला तू नव्हतास.

हे मी तुला लिहीत बसलोय, कारण त्या पंगतीनंतर तुझ्या घरात जे झालं ते तुला सांगायचं आहे. तू होतास तेव्हा मी मुख्य गोष्ट सांगितलीच नाही, हेच तर माझं दुखणं आहे. मला राग येतोय आणि तो कुणावर ते नीट कळत नाही. तुझ्यावरही येतोय. मेलेल्या माणसावर रागवू नये, हे मलाही समजतं. पण तू जिवंत असताना मी रोज तुझ्याशी भांडत होतो, ती सवय पंधरा दिवसांत कशी जाईल?

आपण दोघं देऊळगाव राजाच्या शाळेत एका बाकावर होतो. चौथीनंतर तुझे वडील गेले आणि तू पाटीलकी सांभाळायला परत आलास. मी सातवी झालो आणि फिरून फिरून तुझ्याच गावच्या शाळेवर मास्तर म्हणून आलो. पहिल्या दिवशी तू शाळेच्या दारात उभा राहून म्हणालास, "काऊन बे, जगात दुसरं गाव नवतं काय तुले?" आणि दुपारी घरून भाकरी पाठवलीस. ती भाकरी मी माझं लग्न होईपर्यंत दोन वर्षं खात होतो. वहिनी कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत.

नाल्याच्या अलीकडे आपण, म्हणजे वऱ्हाड. पलीकडे मोगलाई, निजामाचं राज्य. बोरखेडीच्या शिवारातून आपल्या शिवारात यायला माणसाला दहा ढांगा लागतात, पण ते आपल्याला 'इंग्रजीतले' म्हणायचे आणि आपण त्यांना 'मोगलाईतले'. तरी सोयरिकी होत होत्या, बैलांचे सौदे होत होते, बालाजीच्या यात्रेला त्यांच्या गाड्या आपल्या गाड्यांमागे लागत होत्या. मग इंग्रज गेले. तिकडचं राज्य आता काय करणार ते कुणाला कळेना, आणि त्या गोंधळात टोळ्या सुटल्या. कुणाच्या होत्या, कुणाच्या नव्हत्या, ते तेव्हाही नीट कळलं नाही. येत, खळी लुटत, कडब्याच्या गंज्या पेटवत आणि हद्दीआड निघून जात. इकडचा फौजदार नाल्यापर्यंत यायचा आणि तिथून परत फिरायचा. पुढे त्याचा अंमल नव्हता.

कार्तिकात तू माझ्याकडे आलास. म्हणालास, "मास्तर, एक कागद लिहाचा हाय. एका गावावर आले तं साऱ्या गावायनं धावाचं. एवढंच लिहून दे." मला वाटलं, एका बैठकीचं काम. अकरा बैठका लागल्या.

पहिल्या दोन तर नुसत्या भाकरीवर गेल्या. मदतीला आलेल्या माणसांना जेवू कुणी घालायचं? ज्याच्या गावावर संकट आलं त्यानं, की ज्यानं त्यानं आपली शिदोरी आणायची? तुळशीराम पाटील म्हणाले, आमची माणसं पाहुणी म्हणून येणार आणि बांधून आणलेलं खाणार, यात आमची शोभा नाही. दुसरे म्हणाले, ज्याचं घर जळतंय तो चूल कुठं पेटवणार? मी हसू दाबत लिहीत होतो. तू हसत नव्हतास. घरी येताना मला म्हणालास, "भांडू दे त्यायले. भाकरीवर भांडून राह्यले, म्हंजे यायचं त्यायनं मनात पक्कं केलं हाय." मी सातवी पास होतो, पण हे मला सुचलं नव्हतं.

नंतर नावांचा क्रम आला. कागदावर पहिलं नाव कोणाच्या गावाचं? पोळ्याला तोरणाखालून पहिले बैल कोणाचे जाणार यावरून ज्या गावात डोकी फुटतात, त्या गावांना मी एकाखाली एक नावं लिहून दाखवत होतो. चूक माझी होती. तू दोन बैठका गप्प बसलास. तुझी रीतच ती. सगळे बोलून दमले, पानतंबाखू झाला, जोडे घालायला उठले की मग तू सहज बोलल्यासारखं बोलायचास. त्या दिवशी म्हणालास, "नाल्याचं पानी ज्या गावाले आधी लागते, त्याचं नाव आधी लिहा. देवानं लावलेला नंबर हाय, आपून कोन बदलणार?" निमखेड सगळ्यात वरच्या अंगाला. तुळशीराम पाटलांना न मागता पहिलं नाव मिळालं आणि आपलं गाव शेवटी गेलं. वाटेत मी तुला चिडवलं, तर म्हणालास, "उष्टं पानी पेऊ आपून. पन नाव तं लागलं ना?"

खरी गाठ बोरखेडीवर बसली. तू तिलाही करारात घ्यायचं म्हणत होतास. तुळशीराम पाटील म्हणाले, "तिकडचं राज दुसरं. हत्यार घेऊन हद्द वलांडली तं आपलाच फौजदार आपल्याले धरीन. आन आपून मोगलाईसाठी काऊन मरावं?" तू एवढंच विचारलंस, "उन्हाळ्यात आपले ढोरं कोनाच्या डोहावर पानी पेतात?" डोह बोरखेडीचा, हे सगळ्यांना माहीत. पण मान्य कुणी केलं नाही. पुढच्या तीन बैठका रुसव्याफुगव्यात गेल्या. रोज एखाद्या पाटलाच्या ओसरीवर जाऊन तू तास तास बसायचास. त्यांच्या बैलांचं, त्यांच्या लेकींच्या सासरचं, त्यांच्या गुडघेदुखीचं बोलायचास आणि कराराचं नाव न काढता परत यायचास. मला ते वेळ वाया घालवणं वाटायचं.

त्याच सुमारास एका दुपारी नाल्यापलीकडून कुणीतरी "आले, आले" म्हणून ओरडलं. अलीकडून शंभरेक माणसं धावली. तिकडे काहीच नव्हतं. परत येऊन पाहतो तर आपल्या शेतांतले वेचलेल्या कापसाचे ढीग गेलेले. पुन्हा बोरखेडीचं नाव काढायची सोय राहिली नाही. तेव्हा मी सातवं कलम सुचवलं.

आपल्याकडे आवतण आल्याशिवाय सख्ख्या भावाकडेही कुणी जेवायला जात नाही. आणि आवतण कुणीही देऊन चालत नाही. ज्याचा मान आहे त्यानं, सुपारी घेऊन, दारात उभं राहून द्यावं लागतं. मग मदतीचंही तसंच करू, मी म्हटलं. बोरखेडीचं बोलावणं त्यांच्या कोतवालानं आणायचं, आणि हातात त्यांच्या आबा पाटलांच्या घरची मानाची काठी पाहिजे. काठी दिसली की निघायचं. काठी नाही तर जागचं हलायचं नाही, म्हणजे कुणी उगाच ओरडून आपल्याला पळवणार नाही. सगळे खूश झाले. तुळशीराम पाटलांनी माझी पाठ थोपटली. तीन बैठका तुला जे जमलं नाही ते माझ्या एका कलमानं झालं, असं मला वाटलं. त्या रात्री मी बायकोला ते कलम वाचून दाखवलं होतं. एवढा मी फुगलो होतो.

तू फक्त विचारलंस, "काठी यायले उशीर झाला तं?"

"तेवढा वेळ धरूनच चालायचं," मी म्हणालो. वर्गात बोलतो तसंच बोललो असणार.

शेवटची बैठक बोरखेडीच्या मारुतीच्या देवळात झाली. आबा पाटलांची विधवा सून पारबताबाई गूळपाणी घेऊन आली होती. मी कलमं वाचत होतो. ती खांबाआड उभी राहून ऐकत होती, हे कुणाच्या लक्षात नव्हतं. सातवं झालं तशी ती म्हणाली, "आन कोतवालच पडला तं?" देवळात हशा झाला. मीही हसून म्हणालो, "बाई, त्याला आठवं कलम लागेल." पुन्हा हशा. तू हसला नाहीस. आबा पाटलांनी सुनेला डोळ्यांनी आत जायला सांगितलं. मग सगळ्यांनी बेलभंडारा उचलला, बालाजीची आण घेतली, आणि कागदावर सह्या-अंगठे झाले.

उकंडा, आता त्या दिवसाचं लिहितो. तुला माहीतच आहे, तरी मला माझ्या तोंडानं सांगू दे.

माघ संपत आला होता. ज्वारीची खळी चालू होती. पंधरवड्याची बैठक आपल्या पारावर भरली होती आणि ऊन कलायला आलं होतं. आबा पाटील मळणी सोडून येऊ शकले नव्हते, बाकी सगळे होते. पारबताबाई नाल्याच्या वाटेनं पळत आली. पदर कमरेला खोचलेला, एका पायाला रक्त. पारासमोर उभी राहिली तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. मग म्हणाली, "चला जी. गाव पेटवून राह्यले. कोतवालाले पह्यलेच पाडलं त्यायनं."

तुळशीराम पाटील म्हणाले, "काठी कुठी हाय?"

"घरात. घर जळून राह्यलं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून कागद काढला.

सातवं कलम मला पाठ होतं. माझंच होतं ते. कागद काढायची काही गरज नव्हती. नाल्यापलीकडे धूर वर चढलेला पारावरून दिसत होता, त्यामुळे बाई खोटं बोलते असा संशय यायचंही कारण नव्हतं. खरं एवढंच की मला जायचं नव्हतं. मी 'चला' म्हटलं तर सगळे उठतील, सगळे उठले तर मलाही जावं लागेल, याखेरीज माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. म्हणून मी कागद उलगडला आणि पहिल्या कलमापासून वाचायला लागलो. सातव्यापासून नाही. पहिल्यापासून.

तिसऱ्या कलमापर्यंत तू थांबलास. मग उठून माझ्याजवळ आलास आणि कागदाचा खालचा कोपरा दोन बोटांत धरलास. कागद थरथरायचा थांबला. तो थरथरत होता हे मला तेव्हाच कळलं. तू माझ्याकडे पाहिलंस, कोपरा सोडलास आणि म्हणालास, "वाच तू. मी जाऊन येतो."

तुझ्याबरोबर अकराजण गेले. करीम दर्जी गेला, तुझा सालदार गेला, पारावर सहज टेकलेले बाकीचे गेले. एक ठासणीची बंदूक, दोन गोफणी आणि कुऱ्हाडी. पारबताबाई तुमच्यासोबत आली नाही. ती तिथंच उभी राहिली, राहिलेल्यांना घेऊन जायला. मी वाचत सातव्यापर्यंत आलो. मग चर्चा झाली. बाईचं बोलावणं हे बोलावणं धरायचं का? काठी जळाली असेल तर काठी आली असं मानायचं का? आधी एक माणूस पाठवून पाहून यावं असं ठरलं. माणूस गेला, माणूस आला. तोवर तासभर होऊन गेला होता. मग सगळे गेले. मीही गेलो, सगळ्यांच्या मागे, आणि तिथं आता काही उरलेलं नसेल हे मला जाताना माहीत होतं.

आबा पाटील खळ्यावर पडले होते. त्यांच्याशेजारी त्यांचा धाकटा मुलगा, पारबताबाईचा दीर. घरांची एक अख्खी ओळ जळून बसली होती. तुझ्या डाव्या खांद्यात कुऱ्हाड लागली होती आणि तू भिंतीला टेकून पाणी मागत होतास. तुम्ही बारा जणांनी त्यांना अर्ध्या गावातून मागे रेटलं होतं. करीम दर्जी म्हणाला, आणखी वीस माणसं असती तर खळं हातचं गेलं नसतं. माझ्यासमोर म्हणाला, माझ्याकडे न पाहता.

पुढच्या बैठकीला बोरखेडीचे लोक जाब विचारायला आले, पारबताबाईही त्यांच्यामागे उभी होती. हात गळ्यात बांधलेला, अंगात ताप, आणि तू उठून उभा राहिलास. म्हणालास, "मास्तरचं काम वाचायचं. त्यानं वाचलं. कलम आपून साऱ्यायनं केलं, बेलभंडारा साऱ्यायनं उचलला. ज्याले बोलाचं असंन त्यानं मले बोलावं." तुला कोण बोलणार होतं? ते लोक खाली मान घालून परत गेले. बैठक मोडली तेव्हा तू माझ्याशी ज्वारीच्या भावाचं काहीतरी बोललास. मी त्या वेळी तुझे पाय धरायला हवे होते. मी भावाचं बोललो.

तुझा डावा हात नंतर कधी खांद्याच्या वर गेला नाही. पटका एका हातानं बांधता येत नाही, म्हणून दर बाजारच्या दिवशी सकाळी तू माझ्याकडे यायचास आणि मी तुला पटका बांधायचो. सव्वा वर्ष. तू ओट्यावर बसायचास, मी समोर उभा राहायचो, तुझं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर. तू म्हणायचास, "अवळ बे जरा, का मास्तरकीत जोर गेला सारा?" मी पीळ देत राहायचो. एकेक पीळ देताना वाटायचं, आता बोलावं. शेवटचं टोक खोचून झालं की तू उठायचास आणि मी हात झटकायचो.

त्याऐवजी मी भांडलो. तू म्हणायचास सातवं कलम काढून टाकू, आणि मी ते मांजरीनं पिल्लू धरावं तसं धरून बसायचो. एकदा तू वैतागून म्हणालास, "बाई उभी राहून रडून सांगत होती ना बे?" मी म्हणालो, "रडणं हा पुरावा होत नाही." हे मी म्हणालो, उकंडा. तोंडातून गेलं तेव्हाच मला त्याची घाण आली.  मला वाटलं, आता तू ते काढणार. तो कागद कसा थरथरत होता, ते. तू पानाचा डबा बंद केलास आणि घरी गेलास. त्यानंतर कलमाचा विषय तू पुन्हा काढला नाहीस. भांडण अर्ध्यात सोडून जायची तुझी रीत नव्हती, म्हणून मला ते जास्त लागलं.

मग भारताची फौज आली, चार-पाच दिवसांत मोगलाई संपली, आणि नाला नुसता नाला उरला. कराराची गरज उरली नाही. तू म्हणालास, "फाडून टाक आता तो कागद." मी म्हटलं, राहू दे, आठवण म्हणून. खरं सांगतो, फाडायला तो पुन्हा हातात घ्यावा लागला असता.

तुझ्या आजारपणात चार संध्याकाळी मी तुझ्या उशाशी बसलो. तिसऱ्या दिवशी ताप जरा उतरला होता. वहिनी काढा करायला आत गेल्या होत्या. तू डोळे न उघडता विचारलंस, "मास्तर, काई सांगाचं हाय काय?"

यापेक्षा दार किती उघडायचं असतं माणसानं? मी म्हणालो, "शाळेच्या छपराचं काम निघालंय. पावसाच्या आत करायला पाहिजे."

तू म्हणालास, "बरं हाय." आणि कूस बदललीस.

हे शेवटचं. त्यानंतर तू मला ओळखलंस की नाही ते मला सांगता येणार नाही.

आता परवाचं. पंगत उठली, पाटील लोक गाड्या जुंपायला गेले. मी वहिनींचा निरोप घ्यायला आत गेलो. त्या ज्वारी निवडत होत्या, काहीतरी हाताला पाहिजे म्हणून. शेजारी पारबताबाई बसली होती. ती सांगत होती, त्या दिवशी तुझा खांदा तिनं कसा बांधला, तू कसा तिलाच म्हणत होतास, 'बाई, तुया पायाचं रगत पाह्य आधी.' वहिनी ऐकत होत्या. मग पारबताबाई म्हणाली, "भाऊ आले म्हून बाकीचं गाव तरी राह्यलं."

मी काही ठरवून गेलो नव्हतो. तोंडातून गेलं, "पारबताबाई, त्या दिवशी मी कलमासाठी वाचत नव्हतो. मी भ्यालो होतो."

वहिनींचा सुपातला हात थांबला. मला वाटलं, आता पारबताबाई रडेल, नाहीतर शिव्या देईल. दोन्हींची मी तयारी केली होती, सव्वा वर्षात दुसरं काय केलं म्हणा. ती म्हणाली, "ते मले तवाच दिसलं मास्तर. मी तुमच्या तोंडाकडंच पाहून राह्यली होती."

मी तिथंच खाली बसलो.

"भेले तं भेले," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, सुपातल्या ज्वारीकडे पाहतच बोलत होती. "त्याचं मले काई नाई. माहे पाय बी कापून राह्यले होते. पन तुमी वाचून राह्यले, आन मले वाटलं, एवढं वाचणं झालं का निंघतीन. म्हून मी उभी राह्यली. तुमी 'भेलो' म्हटलं असतं, 'नाई येत' म्हटलं असतं, तं मी निमखेडले पळाली असती. तिथी खळ्यावर चाळीस मानसं होते. येताना फाटा सोडून आली मी, पाटील सारे तुमच्या पारावर हायत म्हून. खळ्यावर कोनी कागद काढला नसता."

मग तिनं वहिनींच्या हातातलं सूप घेतलं आणि उरलेली ज्वारी तीच निवडू लागली. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, पानी घ्या." मी पाणी प्यायलो.

सव्वा वर्ष मला वाटत होतं, माझा गुन्हा एवढाच की मी गेलो नाही. आणि मी गेल्यानं असा काय फरक पडला असता, माझ्या हातून गोफणसुद्धा नीट फिरत नाही, असं मनाला समजावून झोपत होतो. निमखेड माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. तुझ्या आलं होतं का? तू गावागावांत फिरणारा माणूस, कुणाचं खळं कुठं आहे ते तुला माहीत. मला वाटतं, आलं असणार. मला वाटतं, म्हणूनच जाबाच्या त्या बैठकीत तू इतक्या घाईनं उठलास, कुणी हे बोलायच्या आत.

तू मला पाठीशी घातलंस, त्याचे आभार मानायचे म्हणून मी हे लिहायला घेतलं होतं. ते आभार खरे आहेत. माझी नोकरी, गावातली माझी जागा, माझ्या पोरांसमोरचं माझं तोंड, सगळं तू एका वाक्यात राखलंस. पण पारबताबाईला तू त्या बैठकीत बोलू दिलं नाहीस, उकंडा. तिचा सासरा गेला, दीर गेला, आणि जे तिला ठाऊक होतं ते ऐकायला सव्वा वर्ष कुणी नव्हतं. यावर तू काय म्हणाला असतास ते मला सुचत नाही. आजवर तुझं उत्तर मला आधीच माहीत असायचं.

ऊन उतरल्यावर ती निघाली. मी नाल्यापर्यंत सोबत गेलो. ती नको म्हणाली नाही, या म्हणाली नाही. वाटेत निमखेडचा फाटा लागतो. ती तिथं थांबली नाही, पुढे चालत गेली. मी थांबलो. इतकी वर्षं त्या वाटेनं जातोय, पण मान वळवून कधी पाहिलं नव्हतं. तिथून निमखेडची खळी दिसतात, उकंडा. तिथलं माणूस कोण ते ओळखू येतं, इतकी जवळ.